मिरवणुकीतली वाफेची गाडी

गोंदियातल्या एका बंद राईस मिलच्या आवारात वाफेवर चालणारी जुनी मोटार आहे. खेमराजशिवाय ती कोणाचं ऐकत नाही. त्याची सारी नोकरी त्याच मिलच्या बॉयलरवर गेली. मालक रायपूरला गेले, तेव्हा त्यांच्या आजोबांनी विलायतेहून आणलेली ही गाडी त्याच्यावर सोपवून गेले. पाणी फडक्यातून गाळून भरायचं, बर्नर पेटवायचा आणि वाफ धरेपर्यंत जवळून हलायचं नाही. मग गाडी सायकलीसारखी बिनआवाज निघायची. शेजारी त्याची बायको पार्वताबाई बसायची. बॉयलरमधलं पाणी समोरच्या काचेच्या नळीत दिसायचं. ते उतरलं की ती म्हणायची, "खाली गेलं जी."

यंदा आंबेडकर जयंतीला बाबासाहेबांचा फोटो याच गाडीतून न्यायचं विहारात ठरलं. खेमराजचा बाप त्याच आवारात धानाची पोती वाहून वाकला होता. तिथली गाडी आता आपल्या लोकांपुढे चालणार, या विचाराने त्याला जेवण सुचेना.

नळीला वरच्या टोकाशी बारीक चीर गेलेली त्याला दिसली होती. नळी फुटली तर आडोसा म्हणून तिच्यापुढे असलेली जाड काचही त्याने पुसायला काढली होती, ती परत लावायची राहिली होती. नवी नळी नागपूरहून आली की सगळं एकदमच करू, असं त्याने मनाशी ठरवलं.

जयंतीच्या आदल्या सकाळी दोघं तिरोड्याच्या रस्त्याने गाडी चालवून पाहायला निघाले. गाव मागे पडलं आणि नळी फुटली. उकळतं पाणी आणि काच पार्वताबाईच्या उजव्या हातावर आली. खेमराजने नळीत पाणी सोडणारे कॉक बंद केले, बर्नर विझवला आणि तिला ऑटोत घालून दवाखान्यात नेलं. दिसले तेवढे काचेचे तुकडे तिने वाटेतच वेचून टाकले. डॉक्टरने विचारलं. तो बोलणार तोच ती म्हणाली, "भाताची पेज सांडली."

"असं काऊन सांगितलं?" बाहेर येऊन त्याने विचारलं.

"खरं सांगितलं असतं तर विहारातले लोक उद्या गाडी काढू देतील का? तुमी कधीपासून वाट पाहून राहिले."

तेव्हाच त्याने नको म्हणायला हवं होतं. म्हणाला नाही. गाडी ओढून आणली, मिलच्या जुन्या बॉयलरची नळी कापून बसवली, पुढे जाड काच लावली. दुपार सरायच्या आत सगळं झालं. एवढंच काम होतं, आणि ते त्याने आधी केलं नव्हतं.

मिरवणूक छान झाली. विहार समितीच्या रत्नपालने त्याच्या खांद्यावर शाल टाकली. "वहिनी कुठी आहे?" त्याने विचारलं.

"हातावर पेज सांडली," खेमराज म्हणाला. तोवर ते खोटं तिचं होतं.

चार दिवसांनी मुलगी रंजिता आली. ती देवरीला नर्स. पट्टी बदलताना तिने चिमट्याने काहीतरी ओढून काढलं आणि उजेडात धरलं.

"आई, पेजेत काच कुठून आली?"

खेमराज म्हणाला, "माझ्या हातून झालं, बाई. चीर मले दिसली होती."

रंजिताने पट्टी पुरी बांधली. मग ती आईला घेऊन देवरीला गेली.

रविवारी वंदनेनंतर खेमराजने विहारात सर्वांसमोर सगळं सांगितलं आणि शाल रत्नपालपुढे ठेवली. रत्नपालने शालीला हात लावला नाही. मग हळूच म्हणाला, "परत फुटली असती तर? आपली लेकरं त्या गाडीला खेटून चालून राहिली होती, खेमराजभाऊ." हे खेमराजच्या मनातही आलं नव्हतं.

पार्वताबाई परत आली ती रागातच. "मी झाकलं ते तुमी चारचौघात उघडं केलं. मले विचारलं?"

विचारलं नव्हतं. तेही त्याच्याच माथी.

हात बरा झाला, पण दोन बोटं वळत नाहीत. तिची वेणी आता तो घालतो, आणि ती वाकडी येते. गाडी तो रस्त्यावर नेत नाही. बॉयलरला गंज चढू नये म्हणून अधूनमधून आवारातच पेटवतो. परवा पार्वताबाई आली आणि मागच्या सीटवर बसली.

"फाटकापर्यंत न्या," म्हणाली.

पुढे ये, असं म्हणायची त्याला हिंमत झाली नाही. त्याने गाडी फाटकापर्यंत नेली, आणि तशीच सावकाश परत आणली.