मागच्या खोलीतला भडका

लोणावळा परिसरातल्या नोकरीत मी पुष्कळ पंचनामे केले, पण कचरा डेपोच्या कुंपणाला लागून असलेल्या एका घराचा पंचनामा अजून माझी पाठ सोडत नाही.

श्रावणातल्या एका सकाळी त्या घरात भडका उडाला. खंडाळ्याच्या एका हॉटेलाची गाडी चालवणाऱ्या माणसाची बायको भाजली. तासाभरात ठाण्यात निनावी फोन आला. "काल दोघांचं भांडण झालं होतं. नवऱ्यानंच सिलिंडर उघडा ठेवला."

रुग्णालयात मी बाईचा जबाब घेतला. "लाइट गेलती. तांदूळ काढाया मागच्या खोलीत गेले, काडी वढली आन् भडका झाला. त्यांनी काय बी केलं न्हाई."

भाजलेली बाई नवऱ्याला पाठीशी घालते, हे आमच्या खात्यातले पाठ झालेले शहाणपण. मी जबाब लिहून घेतला आणि नवऱ्याला अटक केली.

भांडण झाल्याचे त्याने लगेच कबूल केले. घरोघरी मातीच्याच चुली, पण मला तेवढे पुरले. पहिल्या दिवशीच्या पंचनाम्यात सिलिंडर स्वयंपाकघरात आणि बंद होता, हे खटकले होते. त्यानेच नंतर बंद केला असेल, असे मी स्वतःला समजावले. दोन दिवस तो एकच सांगत राहिला, "साहेब, पावसात त्या खोलीच्या फरशीतनं बुडबुडे येत्यात. येऊन बघा तरी."

तिसऱ्या दिवशी पुन्हा त्या घरी गेलो. फरशीच्या फटीत साचलेल्या पाण्यात खरेच बुडबुडे येत होते.

तडक डेपो गाठला. कुजणाऱ्या कचऱ्याचा पेट घेणारा वायू जमिनीतून बाहेर सरकतो का, हे पाहायला कुंपणालगत नळ्या पुरल्या होत्या. वहीत रोज शून्य. नोंदी घेणाऱ्या कामगाराला म्हणालो, "माझ्यासमोर मोजा." त्याने सगळ्या नळ्यांची झाकणे काढली आणि निवांत तंबाखू मळू लागला.

"मोजा की."

"थांबा साहेब, लय घाण वास येतो. जरा वारं लागू द्या, मग मशीन लावतो."

"रोज असंच?"

"व्हय. आमाला कुटं कुणी शिकवलंय?"

दुसऱ्या दिवशी तज्ज्ञ आले. त्यांनी झाकण न काढता त्याच्या तोटीला यंत्राची नळी जोडली, आणि यंत्र कोकलायला लागले. फरशीच्या फटीतही तोच वायू निघाला. पावसाने जमीन वरून बंद होते, मग वायू आडवा सरकतो आणि बंद खोलीत साठतो, असे त्यांनी सांगितले. मी आजूबाजूची घरे रिकामी करवली. पाचव्या दिवशी न्यायालयात अहवाल देऊन नवऱ्याला सोडले.

बाईला सांगायला मी स्वतः गेलो. ती आभार मानेल असे वाटले होते. ती शांतपणे म्हणाली, "साहेब, ह्ये तर म्या पैल्या दिशीच सांगितलं हुतं."

मला शरम वाटली. त्या कामगाराला निदान कोणी शिकवले नव्हते. जबाब लिहिण्याआधी ऐकायचा असतो, हे मला शिकवून खात्याने पाठवले होते. पुढच्या नोकरीत मी ते विसरलो नाही, पण त्याची किंमत या दोघांनी मोजली. वॉर्डातून निघताना परिचारिकेने सांगितले, की ते पाच दिवस बाईच्या उशाशी बसायला कोणीच नव्हते.