खलाशांना चहा

२ मे. खिडकीशी बसून चिंचा फोडत होते. खाली केबलसाठी रस्ता खणणारी माणसं कानडीत तावातावाने बोलत होती. माझे सासरे हुबळीला रेल्वेत होते. पडून राहायची वेळ आल्यापासून ते कुणाशी धड बोलत नाहीत. आज एकदम हसले.

"काय झालं, नाना?"

"मुकादमाला शिव्या देतायत. अस्सल आहेत."

सध्या मी व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या एका भाषापंडित प्रवाशाचं चरित्र वाचतेय. तो खेचरावरून देशोदेशी फिरला, धर्मशाळांतून भाषा शिकला, जाडजूड प्रवासवर्णनं लिहिली. मला मात्र तो आवडला म्हातारपणी. गुडघे गेल्यावर तो बंदरावरच्या परदेशी खलाशांना घरी चहाला बोलवायचा आणि त्यांच्या भाषेत मनसोक्त हुज्जत घालायचा. लोकांना तो विक्षिप्तपणा वाटे. मला ती भूक वाटते. भाषा डोक्यात शाबूत असली तरी समोरून उत्तर यावं लागतं. नाहीतर माणूस हळूहळू सगळ्याच भाषांत गप्प होतो.

३ मे. सकाळी खाली गेले आणि खणणाऱ्यांतल्या एका बाईंना म्हटलं, "चहाला वर चला. आमच्या नानांना कानडीत भांडायला माणूस हवंय."