मोठीबाय शेणव्याला आली

मोठीबाय कुणाच्याही खोलीत आली की आधी काम मागायची. "हाताला काय तरी दे, मग बोल." मग तुम्ही तिला मेथीची जुडी द्या नाहीतर वाळलेल्या कपड्यांचा ढीग, तिचे हात चालू आणि तुमचं तोंड. विद्यापीठाच्या हॉस्टेलात पहिल्याच आठवड्यात मी रडत बसले होते, तेव्हा 'काय झालं' असं तिनं एकदाही विचारलं नाही. माझ्या सगळ्या कपड्यांच्या घड्या घालून झाल्या, तोवर माझं सगळं सांगूनही झालं होतं.

ती उंबरमाळीच्या वरच्या पाड्यावरची. मध्ये तीन वर्षं शिक्षण सुटलेलं, म्हणून आमच्याहून मोठी आणि म्हणून हे नाव. चारचौघांत लाजणं हा प्रकार तिला द्यायला देव साफ विसरला होता. यंदा माझं एम.ए. झालं. ती आता एका आश्रमशाळेत शिकवते. तिची आठवण आली नाही असा आठवडा जात नाही.

पहिल्या वर्षाच्या शेवटी एक बाइकवाला रोज गेटपासून हॉस्टेलपर्यंत माझ्या मागं यायला लागला. मी रस्ता बदलून पाहिला, वेळ बदलून पाहिली. मोठीबायला कळलं तशी ती सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली, गाडीचा नंबर मोठ्यानं वाचला आणि मला नेऊन तक्रार समितीपुढं बसवलं. "लिही. तारीख घाल. रडायचं नंतर." तो पुन्हा दिसला नाही. मला इतका आनंद झाला, की सुट्टीत शेणव्याला, घरी आल्यावर मी सगळी हकिकत आईला रंगवून सांगितली. इथंच मी माती खाल्ली. संध्याकाळी बाबांनी फर्मान काढलं, "बस झालं शिक्षन. आता घरीच ऱ्हायचं."

हॉस्टेल सुरू झालं, तेव्हा मी शेणव्यात चिखलात उभी राहून भाताची आवणी करत होते आणि मनातल्या मनात जळत होते. एका सकाळी मोठीबाय न कळवता बांधावर हजर. तिनं सलवार गुडघ्यापर्यंत खोचली, रोपांची मूठ उचलली आणि ओळीला लागली. तिचा हात असा झपाझप चालला, की आईलाही तिला गाठता येईना. दुपारपर्यंत विद्यापीठाचं नावसुद्धा नाही. शेवटी बाबाच अवघडले.

भाकरी खाताना म्हणाले, "पोरी, तू कशाला आलीस ते कळतंय मला. पन उद्या काय इपरीत झालं तं?"

"काका, बाकीच्या पोरींनापन असले लोक भेटतात. त्या घरी सांगत नाय. सांगितलं का घरी बसवतात. ही येडी, हिनं सांगितलं. आता तुमी हिला बसवलं, तर ही पुढं कंदीच काय सांगायची नाय."

आई मान खाली घालूनच बोलली, "मीपन सांगितलं होतं. सातवीत. बापानं दुसऱ्या दिशी शाळा बंद केली."

हे मला माहीत नव्हतं. बाबांनाही माहीत नव्हतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मोठीबाय सरकून आईला चिकटून बसली.

सोमवारी बाबा मला सोडायला हॉस्टेलपर्यंत आले. गेटाशी त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली आणि रस्त्याकडं बघत म्हणाले, "काय झालं तं सांगत जा गो. मी बसवनार नाय."