रजेचा अभ्यास करणारा माणूस

सुधीरदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते, एका लांबलेल्या मीटिंगमध्ये. स्क्रीनवर मेधावहिनींचं नाव बघूनच मी खुर्चीवरून उठले, कारण त्या कुणाला फोन करत नाहीत. पक्षाघातानंतर त्यांचे शब्द एकेक करून येतात आणि फोनवर समोरचा माणूस घाई करतो, ते त्यांना आवडत नाही. मी बाहेर आले. पलीकडून बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता... मग त्या म्हणाल्या, "अनुजा, हे गेले. हॉस्पिटलात. सकाळी." आणि मी काही बोलायच्या आत, "तू सावकाश ये. स्मिता आहे माझ्याजवळ." आज सहा-सात आठवड्यांनी लिहायला बसले आहे ती या शेवटच्या वाक्यापायी. उजवा हात आणि उजवा पाय लुळे पडलेली एक बाई, नवरा गेल्याच्या सकाळी घरात एकटी नव्हती आणि त्यानंतरही एकटी पडलेली नाही. तसं व्हावं म्हणून सुधीरदादांना आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचंच म्हणणं ऐकावं लागलं होतं, आणि ते त्यांना फार जड गेलं.

आम्हा सगळ्यांचे दादा इथे जर्मनीत, बॉनमधल्या एका छोट्या अभ्याससंस्थेत संरक्षण धोरणाचे अभ्यासक होते. आमच्यासारख्या आयटीवाल्यांच्या आणि गाड्यांच्या कंपन्यांतल्या इंजिनिअरांच्या घोळक्यात हा माणूस वेगळाच. छोट्या तटस्थ देशांच्या सैन्यात माणसं कशी येतात आणि कशी टिकतात, हा त्यांचा विषय. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आवरलं नव्हतं. माझा नवरा निखिल तर जेवणाच्या टेबलावर तोंडावरच म्हणाला, "दादा, ज्याला कुस्ती खेळायचीच नाही त्याने तालीम कशाला बांधायची?" दादा रागावले नाहीत. ताटातली कोशिंबीर संपवली, हात पुसले आणि म्हणाले, "गेनाऊ, अगदी बरोबर. सगळे हेच विचारतात. अरे, जो कुणाच्या भांडणात पडत नाही, त्याचं दार राखायलाही कुणी येत नाही. त्याचं त्यालाच राखावं लागतं. आणि कुलूप विकत मिळतं, राखणारा नाही मिळत." मग त्यांनी आयर्लंडच्या नौदलाची गोष्ट सांगितली. जहाजं चांगली, रंगवलेली, तेलपाणी केलेली, पण खलाशी पुरेनात म्हणून त्यांतली काही धक्क्याला बांधून ठेवावी लागली. "पगार कमी असेल," निखिल म्हणाला. "हो, पगाराचं आहेच. पण मी ज्यांच्याशी बोललो ते म्हणाले, घरी कधी जाता येईल तेच कळत नाही. एक जण सोडून जातो, त्याचं काम दुसऱ्यावर पडतं, दुसऱ्याची रजा रद्द होते, मग तोही जातो. सैन्य असं रिकामं होतं, निखिल. त्याला शत्रू लागत नाही." रजा हा संरक्षणाचाच भाग आहे, हे त्यांचं पालुपद होतं. महाराष्ट्र मंडळात आम्ही त्यांना पाठीमागे रजादादा म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं.

हा विषय त्यांना काही ग्रंथालयात सापडला नव्हता. साताऱ्याकडच्या ज्या गावात ते वाढले तिथे घरटी एक माणूस फौजेत. त्यांचे वडील सुभेदार. "आमच्याकडे लढाई या शब्दाला कुणी घाबरायचं नाही," ते सांगायचे, "पण रजा रद्द म्हटलं की आई चुलीपुढे नुसती बसून राहायची." वडील येणार म्हणून केलेल्या दिवाळीच्या लाडवांचा डबा ती कुणाला उघडू द्यायची नाही, आणि ते आले नाहीत की पोरं तुळशीचं लग्न होईपर्यंत त्या डब्याकडे बघत बसायची. हे सांगताना दादा हसायचे. पुढे काही सांगायचे नाहीत.

मध्यंतरी इथल्या टीव्हीवर सक्तीच्या लष्करी सेवेच्या चर्चा पुन्हा सुरू झाल्या आणि जर्मन पासपोर्ट घेतलेल्या आमच्या मंडळींचे चेहरे पडले. दिवाळीच्या कार्यक्रमात सगळ्यांनी दादांना घेरलं, आमच्या मुलांना जावं लागेल का म्हणून. इतर वेळी जो माणूस त्यांच्या विषयाला हसायचा, तोही फराळाची डिश घेऊन पुढे. दादांनी खोटा धीर दिला नाही. "आल्झो, म्हणजे कसं, ते मला सांगता यायचं नाही," ते म्हणाले. "किती येतील हे सगळेच मोजतायत. आलेला राहील का, हे तुमच्या खासदाराला विचारा." तेवढं सांगून ते चकलीकडे वळले.

मंडळाच्या गणपतीत त्यांनी आपलं शास्त्र आमच्यावरही चालवलं. दर वर्षी सगळं काम दोन-तीन जणांच्या गळ्यात पडायचं आणि ते पुढच्या वर्षी गायब व्हायचे. दादांनी फर्मान काढलं की प्रत्येक कामाला दोन माणसं. झालं! आरतीच्या वेळी शंभरेक लोक उभे, टाळ हातात, आणि कापूरच नाही. निखिलला वाटलं स्मिता आणणार, स्मिताला वाटलं निखिल. दोघं एकमेकांकडे असे बघत होते की गणपतीलाही हसू फुटावं. स्मिता म्हणजे आमच्याच बिल्डिंगमधली, औषधांच्या कंपनीत काम करणारी, वक्तशीर बाई, त्यामुळे तिला ते फारच लागलं. दादा मात्र खूश. "आता कळलं ना? काम एकाचं. दुसरा त्याचा बदली. पहिल्याने दुसऱ्याला सांगितल्याशिवाय जागा सोडायची नाही, आणि सांगितलं की मागे वळून बघायचं नाही." पुढच्या वर्षीपासून आमचा गणपती कुणाचंही डोकं न फिरता पार पडू लागला.

आणि मग मेधावहिनी पडल्या. बॉनच्या शाळांमधून मुलांना गणित शिकवणारी, तडतड बोलणारी बाई, एका दुपारी स्वयंपाकघरात कोसळली. हॉस्पिटल, मग रेहा म्हणजे पुनर्वसन केंद्र, मग चाकाची खुर्ची. घरी आल्यावर सकाळी प्फ्लेगेडीन्स्टची, म्हणजे घरपोच शुश्रूषा सेवेची नर्स येऊन आंघोळ घालून जायची. बाकी सगळं दादांचं. भरवणं, उचलून बसवणं, व्यायाम, औषधं, कपडे. संस्थेतलं काम त्यांनी अर्धं केलं, मग जवळजवळ सोडलं. कुणी मदत विचारली की म्हणायचे, "सगळं चाललंय." आम्ही डबा घेऊन गेलो तर डबा घ्यायचे आणि आम्हाला दारातूनच वाटेला लावायचे. घरी सेवा करणाऱ्याला अधूनमधून सुट्टी मिळावी म्हणून जर्मनीत चक्क कायद्याची सोय आहे, फेरहिंडरुंग्सफ्लेगे असं जिभेची परीक्षा घेणारं तिचं नाव. ही सोय म्हणजे दादांच्या सिद्धांताचं मूर्तिमंत रूप, आणि दादांनी ती कधी वापरली नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय! मला त्यांचा मनापासून राग यायचा.

एकदा मी भाजी द्यायला गेले तर दादा जिन्यात पायरीवर बसलेले, भिंतीला डोकं टेकून, झोपलेले. शेजारी दुधाची पिशवी. वर घरात वहिनी दाराकडे तोंड करून बसलेल्या होत्या. त्यांना कळत होतं की नवरा खाली गेलाय आणि परत आलेला नाही, आणि त्यांना उठता येत नव्हतं. मला बघून त्या रडल्या. मग एकेक शब्द गोळा करत म्हणाल्या, "ह्यांना... कुठेतरी... पाठव." त्या दिवशी मी दादांना उठवून वर आणलं आणि वहिनींसमोरच वाट्टेल ते बोलले. वयाने, मानाने मोठा माणूस, पण मी थांबले नाही. "तुमच्या जहाजावर एकच खलाशी आहे, दादा. तो पडला की वहिनींना शुश्रूषेच्या हाइममध्ये जावं लागेल, अनोळखी लोकांत, जिथे त्यांचं मराठी कुणाला कळणार नाही. तुम्हाला हे कळत नाही, असं म्हणू नका. तुम्ही यावर भाषणं देता." दादा हळूच म्हणाले, "आई गेली तेव्हा वडील सीमेवर होते, अनुजा. रजा मिळाली होती, पण त्यांनी ती एका जवानाला दिली, त्याला मुलगी झाली होती म्हणून. त्यांनी बरोबरच केलं. पण ते नव्हते... मी इथून हललो आणि तेव्हाच हिला काही झालं तर?" माझा राग कुठल्या कुठे गेला. एवढे दिवस आम्हाला वाटत होतं, या माणसाला दुसऱ्यावर विश्वास टाकता येत नाही. त्यांना भीती होती ती स्वतःच्या गैरहजेरीची.

उत्तर त्यांना माझ्याकडून मिळालं नाही, वहिनींनी दिलं. "मला... बघायला... माणसं येऊ देत," त्या म्हणाल्या. "मी कंटाळलेय... तुम्हाला बघून." आणि डाव्या बाजूने हसल्या. दादाही हसले, डोळे पुसत. त्यानंतर आमच्या पाळ्या लागल्या. बुधवार माझा, बदली निखिल. स्मिता, तिचा नवरा, मंडळातले आणखी काही. दादांनी प्रत्येकाला शिकवलं, वहिनींना उचलताना स्वतःचे गुडघे कसे वाकवायचे, चहा किती कोमट, कुठल्याही शब्दाला त्या अडल्या की आपण तो पुरवायचा नाही. "थांबायचं," ते म्हणायचे, "तिचा शब्द ती काढेल." पुढे ते दोन दिवस आयर्लंडमध्ये कॉर्कला परिसंवादाला गेले. पहिल्या दिवशी त्यांनी इतके फोन केले की शेवटी वहिनींनीच माझ्या हातातून फोन घेतला आणि एक शब्द न अडखळता म्हणाल्या, "ठेवा आता." परत आले ते समुद्राच्या वाऱ्याने नाक लाल करून. तिथल्या एका तरुण खलाशीण बाईशी ते तासभर बोलले होते, तिला आता घरी जायचे दिवस आधी कळतात म्हणून ती नोकरी सोडणार नव्हती. ते सांगताना दादा असे फुलले होते, जणू तिला ती रजा त्यांनीच मिळवून दिली.

दादांचं स्वतःचं दुखणं कळलं तेव्हा ते खूप पुढे गेलेलं होतं. हॉस्पिटलातली सोशल वर्कर वहिनींसाठी हाइमची जागा बघू म्हणाली, चांगल्या मनाने म्हणाली. दादांनी तिला समोर बसवून आमच्या पाळ्या समजावल्या, अशा की त्या बिचारीला वाटलं असेल आपण लष्करी मुख्यालयात आलोय. तिने शेवटी विचारलं, "आणि तुमचा बदली कोण?" दादांनी आमच्याकडे हात केला.

सगळी कामं त्यांनी आम्हाला देऊन टाकली, एक सोडून. वहिनींची वेणी. ती रोज नर्स गेल्यावर ते स्वतः घालत. कॉर्कला जातानाही "केसांचं मी आल्यावर बघतो" असं बजावून गेले होते, आणि वहिनी ते दोन दिवस मोकळ्या केसांनी बसल्या होत्या. शेवटचं हॉस्पिटलात जायच्या आधी एका बुधवारी त्यांनी मला पलंगाजवळ बोलावलं, वहिनींची खुर्ची समोर ओढून घेतली. मला वेणी काय शिकवताय, असं ओठावर आलं होतं, मी गिळलं. "घट्ट घालायची," ते म्हणाले. "सैल राहिली की खुर्चीच्या पाठीत अडकते." त्यांच्या हातातून पेड सुटत होते. त्यांनी पुन्हा घेतले, पुन्हा सुटले. मग त्यांनी ते माझ्या हातात दिले आणि म्हणाले, "घे. आता तू." वहिनी खिडकीकडे बघत होत्या. त्यांनी मान वळवली नाही.

दादा गेल्यावर पहिल्या बुधवारी मी शिकवल्याप्रमाणे घट्ट वेणी घालायला गेले, तर वहिनींनी चेहरा वाकडा केला. "सैल घाल गं. ओढ बसते. नेहमीच... बसायची." मी चकित. "मग दादांना कधी सांगितलं नाहीत?" त्यांनी शब्द शोधला, मी थांबले. "त्यांचं ते... आवडीचं काम," त्या म्हणाल्या. तेव्हापासून आम्ही सगळ्या सैल घालतो, आणि ती खुर्चीच्या पाठीत अडकते, दादांचं म्हणणं खरंच होतं. ती सोडवायची आम्हाला आता सवय झाली आहे.

परवाच्या बुधवारी मी कंगवा घेतला. बाहेर छान ऊन होतं, वहिनींना ऱ्हाइनच्या काठाने फिरवून आणायचं ठरलं होतं. मी पेड पाडले तसा त्यांनी डावा हात मागे आणून माझं मनगट धरलं.

"आज... ह्यांच्यासारखी घाल."

मी घट्ट ओढली.

"अजून," त्या म्हणाल्या, आणि डोळे मिटून घेतले.