पदरावरचा आळ

राहीबाई गर्विष्ठ आहे, असं आष्ट्याजवळच्या त्या मळ्यात सगळ्यांनी ठरवूनच टाकलं होतं. आणि ठरवण्यात पुढे कोण, तर तिचा थोरला दीर लालासाहेब! मोठी लढाई संपल्यावर पलटणीतून पेन्शनीत आलेला हवालदार. आपण दिसलो की माणसानं ताडकन उभं राहावं, ही सवय काही केल्या सुटत नव्हती. इथं तर धाकट्या भावाची बायको! तो बाजूनं जाई आणि ही खुशाल जोत्यावर शेंगा फोडत बसलेली. ना उठणं, ना पदर सावरणं.

"आकाराम, तुज्या बायकूला लय मस्ती आलीया," तो भावाला सुनवायचा. "मान द्यायचा नसंल तर धाड म्हायेरला."

आकाराम बिचारा कात्रीत सापडलेला. बायकोला विचारलं की ती रडवेली होऊन म्हणे, "आवं, मला दिसलंच न्हाईत वो. डोईवरचा पदर फुडं असतूया, बाजूचं कसं दिसंल?"

हे तिला स्वतःलाही अगदी खरं वाटत होतं. लग्न झाल्यापासून कपाळाखाली पदर ओढून वावरलेली बाई ती. दाराची चौकट खांद्याला लागते ती पदरामुळं, डोकं ठणकतं ते उन्हामुळं. पदर मागं सारावा, तर घरात पुरुषमाणसं. मग कुणाला कसं कळायचं, सांगा!

कळलं ते तिच्या न्हाण्याच्या दिवशी. लालासाहेबाची बायको मनुबाई तोंडाची फटकळ, पण जीव लावणारी. राहीबाई शिकेकाईनं केस धुऊन परसात दगडावर बसली होती आणि ही थोरली जाऊ शेजारी पंचा घेऊन उभी होती.

"घे की गं, हात अवघडला माजा!"

"कुठं हायसा, अक्का?"

मनुबाई तिच्या उजव्या कानाशीच होती. तिनं पंचा हलवला. राहीबाई आपली समोरच बघत राहिली. मनुबाई डावीकडं गेली, तिकडंही तीच गत. राहीबाईनं दोन्ही हातांनी डोकं चाचपलं.

"अक्का, डोईवर पदर न्हाई... मग बाजूचं का दिसंना?"

मनुबाई ओल्या हातानं तशीच सोप्यात गेली आणि नवऱ्यावर अशी कडाडली, की शेजारच्या मळ्यातली माणसं काम सोडून ऐकत राहिली. "मान मान करत बसलाय! तिचं डोळं चाललंत!" लालासाहेबानं लगोलग मिरजेला जायला गाडी जुंपली.

मिरजेच्या डॉक्टरांनी डोक्याचा फोटो काढला. पाळी कधी थांबली तेही विचारलं. ती वर्षापूर्वीच थांबली होती, पण त्याचं कुणी मनावर घेतलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "मेंदूच्या खाली, नाकाच्या मागं हाडात एक खोबण असते. तिथल्या वाटाण्याएवढ्या ग्रंथीत गाठ वाढलीय. खाली तिनं हाड पोखरलंय आणि वर डोळ्यांच्या शिरा दाबल्यात, म्हणून दोन्ही बाजूंचं दिसत नाही."

"कापून काडा की, सायेब," लालासाहेब म्हणाला.

"हाडात शिरलेली गाठ सगळी निघत नाही. मुंबईला एक्स-रेचा शेक देतात. गाठ आकसली तर नजर वाचेल. तसंच सोडलं तर उरलेली नजरही जाईल."

राहीबाईला एवढंच कळलं, की आपण आंधळी होणार. आकाराम खाली मान घालून उभा होता.

"म्या घिऊन जातो दोगास्नी," लालासाहेब म्हणाला. "मला म्हमई ठावी हाय."

शेक म्हणजे विस्तव, या धास्तीनं राहीबाई अर्धी झाली होती. मुंबईला जाऊन बघते तर नुसतं निजायचं, यंत्र घरघरायचं, की झालं. "एवढंच व्हय!" असं ती म्हणाली खरी, पण पुढं कानशिलावरचे केस गेले आणि अन्न नकोसं झालं. तरी सगळ्यात आधी डोकेदुखी गेली, आणि त्या रात्री बाई घोरत झोपली. आकारामला ते घोरणं इतकं गोड वाटलं, की त्यानं तिला कूस बदलायलाही सांगितलं नाही.

काही महिन्यांनी सगळे पुन्हा मिरजेला तपासणीला गेले. डॉक्टरांनी तिला पदर खांद्यावर घेऊन स्टुलावर बसवलं. तिचं डोकं उघडं पडलेलं बघून लालासाहेब रीतीप्रमाणं बाहेर निघाला. मनुबाईनं त्याला दंडाला धरून राहीबाईच्या उजव्या बाजूला भिंतीशी उभं केलं. "बगा तुमी बी!"

"माझ्या नाकाकडंच बघायचं," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी लांबून, कडेनं बोट पुढं आणलं.

"दिसलं," राहीबाई म्हणाली. मग दुसरीकडून, "हितं बी दिसलं."

राहीबाईनं मान हलवली नाही, डॉक्टरांच्या नाकावरची नजरही हलवली नाही. लग्न होऊन आल्यापासून ती थोरल्या दिराशी एक अक्षर बोलली नव्हती; घरची रीतच तशी. आज बोलली.

"भावजी, रडतायसा कशापाय? मला दिसतंय की."