पथारीवरून नाशिकच्या वर्गात

वडील कोरीट गावात एका शेतकऱ्याकडे सालदार. माय आणि मी हंगामात नंदुरबारच्या मिरचीच्या पथारीवर. लाल मिरची उन्हात पसरायची, उलटवायची, देठ खुडायचे. संध्याकाळी हाताची इतकी आग व्हायची की भाकरी मोडवत नसे. माय तेल लावून द्यायची.

माझं बी.कॉम.चं पहिलं वर्ष याच पथारीवर झालं. कॉलेज नाशिकचं, पण लॉकडाऊनमुळे सगळं मोबाईलवर. ओढणीखाली इयरफोन आणि हात मिरचीत. शेजारच्या मावशी इयरफोन ओढून ऐकायच्या आणि म्हणायच्या, "कितला बोलस वं तुन्हा सर! घरमा बायको बोलू देत नही का?"

पुढच्या वर्षी कॉलेज उघडलं. ज्यांना जमेल त्यांनी या, बाकीच्यांसाठी ऑनलाइन चालू राहील, असा मेसेज आला. वडिलांनी लगेच निकाल दिला, "फोनमाच कालेज शे, ते नाशिक कसाले?" मलाही ते पटलं. मी गेले तर माय एकटी पडणार होती.

तेवढ्यात ऑनलाइन तोंडी परीक्षा आली. पथारीवरच एका कोपऱ्यात बसले. कॅमेरा चालू केला, घाम आला म्हणून डोळे पुसले. मिरचीच्याच हातानं! लहानपणापासून या कामात, आणि नेमकं तेव्हाच भान राहिलं नाही. डोळ्यांतून धारा लागल्या. मॅडम घाबरल्या, "अगं, रडू नकोस, सोपंच विचारणार आहे." सगळा वर्ग बघत होता. तोंड धुऊन आले तोवर माझा नंबर निघून गेला होता, आणि मुकादम ओरडत होता की माझा ढीग तसाच पडलाय.

त्या दिवशी घरी येताना माय म्हणाली, "आठे ऱ्हायनी ते मी तुले कामलेच लावसू. माले माहीत शे. तू जाय."

 निघायच्या दिवशी वडिलांनीच बसमध्ये चढून माझ्यासाठी खिडकीची जागा धरली. माय स्टँडवर आलीच नाही. हंगाम होता.

नाशिकला पहिल्याच आठवड्यात माझ्या तोंडून निघून गेलं, "सर, माले समजनं नही." वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी फळा पुसला आणि सगळं पुन्हा समजावलं. मोबाईलवर मी वर्षभर असं एकदाही विचारलं नव्हतं. तिथे न समजलेलं तसंच पुढे निघून जायचं. मग मी रोज विचारायला लागले. लायब्ररी बंद होईपर्यंत बसायचे. मेसची भाजी गोडसर लागायची, तीही सवयीची झाली.

तुमच्यापैकी जे गावी राहून ऑनलाइन शिकले, त्यांना मी कमी समजत नाही. आमच्या घरात ते जमलं नसतं, एवढंच.

आता नाशिकलाच एका ऑफिसात हिशेब बघते. सुट्टीत घरी गेले आणि मी पथारीवर निघाले की माय अडवते. बायकांनी विचारलं तर सांगते, "पाव्हनी शे ती." ऐकून बरं वाटतं, आणि थोडं लागतंही. पण मला पाहुणी करायचं तिनंच ठरवलं होतं.

मी बी.कॉम. फर्स्ट क्लासमध्ये पास झाले. कॉलेजच्या बाकावर बसून शिकलेली आमच्या घरातली मी पहिली.