धूरपट्टी

शेळगाव सोडून इंदापूरकडं निघालं की थोड्या अंतरावर आमचा फाटा लागतो. तिथं एसटी थांबत नाही. कंडक्टरच्या मते तो थांबा नव्हे, आणि रस्ता चौपदरी झाल्यापासून ड्रायव्हरला तो दिसतही नसावा. तिथं थांबायची ती एकच गाडी, एक म्हातारी जीप. अशा जीपला आमच्याकडं वडाप म्हणतात. मावतील त्याहून चार माणसं जास्त भरायची आणि वाटेत हात करेल त्याला नाही म्हणायचं नाही, हा तिचा कायदा.

वालचंदनगरला कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात माझी नोकरी झाली. निवृत्त झालो तसं क्वार्टर सोडलं आणि फाट्याजवळ दोन खोल्या बांधल्या. जागा बायकोनं पसंत केली होती. तिला शांतता हवी होती. ती मिळाली, पण तिच्या वाट्याला थोडीच आली. उरलेली सगळी माझ्याकडं आहे. मुलगी पुण्यात असते. रविवारी फोन करते आणि जेवलात का म्हणून विचारते. मी जेवलेलो असतो.

इंदापुरात मला काम नसायचं. तरी आठवड्यातनं तीन-चार वेळा मी जायचो. स्टँडसमोर चहा, वाचनालयात वर्तमानपत्रं, आणि दुपारी त्याच जीपनं परत. बोलणं व्हायचं ते त्या रस्त्यावर. जीपवाला पंचेचाळिशीचा गडी होता. मला आबा म्हणायचा आणि माझ्यासाठी पुढची जागा राखून ठेवायचा. राखून म्हणजे, तिथं तिघंच बसायचे. पाऊस, ऊस, कुणाची सून माहेरी गेली, कुणाची मोटर जळाली, असं सगळं त्या काचेतनं समोर बघत आम्ही बोलायचो. ही जीप बंद झाली असती तर घरात बोलण्यासारखा फ्रीज तेवढा उरला असता. तोही स्वतःचंच बोलतो.

जीप धूर सोडायची हे मान्य केलं पाहिजे. मागून येणारा मोटरसायकलवाला तोंडाला रुमाल बांधूनच तिच्या वाटेला जायचा. धूर सोडणाऱ्यानं त्याची किंमत मोजावी, हे माझं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे. मत असायला माझं काही जात नव्हतं.

एक दिवस जीपवाल्यानं गाडी चालवता चालवता विचारलं की, पर्यावरण कर म्हणजे काय. गॅरेजमध्ये त्याला कुणीतरी सांगितलं होतं की गाडीला पंधरा वर्षं झाली की नोंदणी नव्यानं करायची आणि हा करही भरायचा. त्याच्या जीपची पंधरा वर्षं भरत आली होती. मी समजावून सांगायला लागलो. हवा, प्रदूषण, सार्वजनिक आरोग्य. निमगाव केतकी जवळ आलं तरी मी आरोग्यावरच होतो आणि मागची माणसं जांभया द्यायला लागली होती. तेव्हा मी आवरतं घेतलं.

"हे बघ," मी म्हणालो, "घरपट्टी असते, पाणीपट्टी असते, तशी ही धूरपट्टी."

सगळी जीप हसली. आयुष्यात माझ्या बोलण्यावर इतकी माणसं एकदम कधी हसली नव्हती. मी खूश झालो. निमगावला चौघं उतरले, आणि त्यांच्याबरोबर तो शब्दही उतरला.

पंधरवड्यात तो माझ्याकडं परत आला. इंदापूरच्या चहावाल्यानं मला धूरपट्टी म्हणजे काय ते समजावून दिलं, आणि माझ्यापेक्षा चांगलं दिलं. पण मधल्या प्रवासात शब्दाला फांद्या फुटल्या होत्या. जीपमध्ये एका म्हातारीनं मला विचारलं की चुलीला किती लावणार आहेत, आणि गॅस असूनही पाणी चुलीवर तापवत असलं तर सूट आहे का. गुऱ्हाळवाला म्हणाला की चिमणीच्या उंचीवर मोजणार आहेत. ऊस तुटल्यावर रानात पाचट पेटवतात त्याचीही एकरी पट्टी बसणार, अशी खात्रीची बातमी कुणाच्या तरी मेहुण्यानं आणली होती.

मी प्रत्येकाला सांगत राहिलो की हा कर फक्त गाड्यांचा आहे, तोही जुन्या, आणि तो राज्य सरकारचा आहे, गावाचा नाही. गुऱ्हाळवाल्यानं माझी कीव केली.

"आबा, सरकारचा असतो त्यो कर," तो म्हणाला. "पट्टी असती ती पंचायतीची. ही पट्टी हाय का न्हाय?"

व्याकरण त्याच्या बाजूनं होतं.

नेमक्या तेव्हाच पंचायत समितीच्या निवडणुका लागल्या. बरीच वर्षं त्या झाल्याच नव्हत्या. मधल्या काळात प्रशासक होता, आणि सदस्य नाहीत हे फारसं कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. आमच्या गणात, म्हणजे मतदारसंघात, खरी लढत दोघांत होती. एक मागचा सदस्य. वाळकुडा, कमी बोलणारा, भाषणात पाणी पिण्यासाठी फार वेळा थांबणारा. दुसरा ठेकेदार. पांढरे कपडे, पांढरी उंच गाडी, आणि बॅनरवर गॉगल लावून हात जोडलेला. त्याच्या भोवती शुभेच्छुकांचे इतके गोल फोटो होते की दुरून तो बॅनर गोळ्यांच्या पाकिटासारखा दिसायचा. खाली लाल अक्षरात लिहिलं होतं, 'धूरपट्टी रद्द झालीच पाहिजे!' माझा शब्द छापलेला मी पहिल्यांदाच पाहिला. शुद्धलेखन बरोबर होतं.

पंचायत समिती पर्यावरण कर रद्द करू शकत नाही. ती तो लावतही नाही. हे मागच्या सदस्यानं शेळगावच्या सभेत सरळ सांगितलं. ही गोष्ट आपल्या हातात नाही, म्हणाला. रस्ता आणि शाळेचं छप्पर आहे, त्याबद्दल विचारा. मग पाणी प्यायला. लोकांनी मनात नोंद केली की हा पट्टीच्या बाजूचा आहे.

ठेकेदाराची सभा शाळेच्या पटांगणात झाली. जीप तिकडं चालली होती म्हणून मीही गेलो. पहिला पाऊण तास स्टेजवरच्या लोकांनी एकमेकांना शाल आणि नारळ दिले. ज्याला दिले त्यानं दुसऱ्याला दिले, त्यामुळं नारळ फारसे लागले नसावेत. नंतर उमेदवार उभा राहिला. आज गाडीच्या धुराला पट्टी, म्हणाला, उद्या चुलीच्या धुराला, परवा उदबत्तीच्या. उदबत्ती मात्र त्याची स्वतःची होती. टाळ्या थांबेनात. पटांगणाबाहेर त्याच्या ताफ्यातल्या गाड्या चालू इंजिनानं उभ्या होत्या आणि मागच्या रांगेतली माणसं खोकत टाळ्या वाजवत होती.

या सगळ्यात मला काळजी एकाच गोष्टीची होती. जीपची तारीख जवळ येत चालली होती. वेळेत कर भरून नोंदणी केली तर ती आणखी पाच वर्षं चालली असती. पाच वर्षं मला पुरली असती. मी रोज आठवण करून द्यायला लागलो. जीपवाला व्हय म्हणायचा आणि विषय बदलायचा. शेवटी एका दुपारी, परतीच्या वाटेला जीपमध्ये आम्ही दोघंच होतो, तेव्हा मी स्पष्ट म्हणालो की निवडणुकीच्या भरवशावर बसू नकोस, भरून टाक.

तो हसला. "आबा, तुमीच म्हणला न्हवं, पट्टी? पट्टी कुणी येळंवर भरतं व्हय? भरणारा गप भरतो आन् थकवणाऱ्याला सूट मिळती. आमच्या बापानं घरपट्टी कधी येळंवर भरली न्हाय. दर निवडणुकीला माफी."

मी त्याला फरक समजावला. हा कायदा कुठला, अधिकार कुणाचा, दंड कसा चढतो. पैसे कमी पडत असतील तर अर्धे मी देतो, असंही म्हणालो. ते त्याला लागलं. त्यानं गिअर बदलला आणि फाट्यापर्यंत जीप दामटली. तुझी गाडी गेली तर मी कुणाशी बोलू, एवढंच खरं तर सांगायचं होतं. ते सोडून मी मोटार वाहन कायद्यावर बोललो.

मतदानाच्या दिवशी जीप माझ्या दारात आली. एरवी ती फाट्यावर थांबायची, त्या दिवशी अंगणापर्यंत. पुढं ठेकेदाराचा झेंडा होता. त्यानं म्हाताऱ्या मतदारांना आणायला ती भाड्यानं घेतली होती. जीपवाल्यानं उतरून माझ्यासाठी दार उघडलं, हात धरून चढवलं. वाटेत मागच्या बाईनं मला लाडू दिला. केंद्राजवळ जीपवाला हळूच म्हणाला, "आबा, ध्यान ठेवा बरं का." मी ठेवतो म्हणालो, आत गेलो आणि मागच्या सदस्यासमोरचं बटण दाबलं. लाडू परत येताना खाल्ला, तो तोंडात फिरत राहिला.

मागचा सदस्य पडला. गावातली शाळा त्याच्याच काळात बांधलेली, पण तिथल्या बूथवर त्याला मोजकी मतं मिळाली. त्यातलं एक कुणाचं, अशी चर्चा काही दिवस चालली. विजयाच्या मिरवणुकीत जेसीबीच्या खोऱ्यातनं गुलाल उधळला. सगळ्यात पुढं आमची जीप होती, बोनेटवर हार, आणि मागं गुलालात मिसळलेला काळा धूर. ती आमच्या फाट्यावरनं गेली तेव्हा जीपवाल्यानं हॉर्न वाजवला आणि ओरडून सांगितलं, "आबा, गेली पट्टी!"

जीपची तारीख उलटून गेली होती. काही आठवडे काहीच झालं नाही आणि मला वाटायला लागलं की कदाचित गुऱ्हाळवाल्याचं व्याकरणच खरं असेल. मग एका सकाळी इंदापूरच्या अलीकडं आरटीओची तपासणी लागली. अधिकारी सभ्य होता. त्यानं सगळ्यांना उतरवलं, म्हाताऱ्यांना सावलीत बसायला सांगितलं आणि जीप जप्त करून बाजूच्या आवारात लावून घेतली. आम्ही उरलेलं अंतर पायी गेलो.

नव्या सदस्याकडं आम्ही दोघं गेलो. बाहेरच्या खोलीत त्याचाच बॅनर फ्रेम करून लावला होता. त्यानं चहा मागवला, जीपवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि पाठपुरावा चालू आहे असं सांगितलं. पाठपुरावा हा शब्द मी नोकरीत बऱ्याच फायलींवर पाहिलेला. तो लिहिल्यावर फाईल पुन्हा उघडत नसे. जीपवाल्यानं धीर करून विचारलं की मग पट्टीचं काय.

"ती राज्याची हाय, दादा," सदस्य म्हणाला. "ती काय आपल्या हातात हाय का?"

बाहेर आल्यावर जीपवाला बराच वेळ चप्पल शोधत राहिला. चप्पल समोरच होती.

"म्हंजी त्यो आधीचा खरं बोलत हुता," तो म्हणाला.

"हो."

"मग जरा मोठ्यानं बोलायचं हुतं की त्यानं."

दंड, कर, टायर, इंजिनचं काम, अशी बेरीज झाली आणि जीप भंगारात गेली. तोडायला नेली त्या दिवशी तो गेला नाही, भावाला पाठवलं. मग लोणी देवकरला एका कारखान्यात त्याला कंत्राटावर काम लागलं. बरं झालं. पगार ठरलेला, दवाखाना आहे, सणाला सुट्टी. सकाळी कंपनीची बस फाट्यावरनं जाते. तिच्यात बाहेरच्या माणसाला घेत नाहीत. तो डाव्या बाजूच्या खिडकीशी बसला असला तर हात करतो. काच बंद असते.

पुढच्या निवडणुकीचा विषय आत्तापासूनच निघालाय. चहावाला सांगतो की धूरपट्टी आमच्या सदस्यानं लढून फक्त गाड्यांपुरती ठेवली. चुली, गुऱ्हाळं आणि पाचट त्यानं वाचवलं. हे त्याला सगळ्यांनी सांगितलंय. मलाही तो पटवतो, मी मान हलवतो. इंदापूरला आता मी महिन्यातून एकदा जातो, तेही शेळगावपर्यंत चालत जाऊन एसटीनं. एसटीत पुढं बघून बोलणारं कुणी नसतं. प्रत्येकाच्या हातात फोन असतो.

मागल्या रविवारी जीपवाला आला. मोटरसायकलवर, इस्त्रीचा शर्ट घालून. मी ओसरीवर दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या आणि चहा केला. खुर्च्या मांडण्यातच चूक झाली असावी. जीपमध्ये आम्ही वर्षानुवर्षं शेजारी बसून समोरच्या रस्त्याशी बोललो होतो. एकमेकांच्या तोंडाकडं बघून बोलायची दोघांनाही सवय नव्हती. त्यानं दारातनं आतल्या पुस्तकांच्या शेल्फाकडं बघून विचारलं, सगळी वाचली का. बहुतेक, मी म्हणालो. मी विचारलं, काम कसं आहे. चांगलं आहे, म्हणाला. मग आम्ही दोघं अंगणात कोंबडी दिसते का ते बघत राहिलो. माझ्याकडं कोंबडी नाही.

"आता हितं धूर न्हाय बगा," थोड्या वेळानं तो म्हणाला. "बरं वाटत आसंल."

खरं होतं ते. हवा चांगली झाली आहे. मी तसं सांगितलं, आणि जुन्या इंजिनांच्या धुरात काय काय असतं तेही थोडं सांगितलं. त्यानं नीट ऐकून घेतलं. मग कप स्वतःच आत नेऊन ठेवला आणि येतो म्हणाला. पुढच्या रविवारी ओव्हरटाइम आहे, त्याच्या पुढचं माहीत नाही.

मी फाटकापर्यंत गेलो. गाडी चालू व्हायला दोनदा किक मारावी लागली. तेवढ्या वेळात बोलता आलं असतं. थांब म्हणायचं होतं, किंवा परत ये म्हणायचं होतं. त्यानं कायद्यातलं काही विचारलं असतं तर मी लगेच सांगितलं असतं. तो रस्त्याला लागला, आणि पीयूसी काढली का, एवढंच मी मागून विचारलं. त्याला ऐकू गेलं नाही.